रोज ढवळायचा मुद्देमाल

एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या पोलीस ठाण्यात मुद्देमालाची खोली सांभाळली. चोरीच्या सायकली, भांडणातले सुरे, एकदा तर कुणाच्या तरी दातांची कवळी, सगळं चिठ्ठी लावून, शिक्का मारून, फळीवर ओळीनं. एवढ्या वर्षांत त्या खोलीतून फक्त एकदाच काहीतरी कमी झालं, आणि ते कोणी नेलं हे मला पक्कं ठाऊक आहे. सांगते. घाई करू नका.

माझं आडनाव त्सुरुमारू. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही. ठाण्यात सगळे मला त्सुरुमारूबाई म्हणायचे, आणि पाठ वळली की काय म्हणायचे तेही मला माहीत होतं.

त्या वर्षी जून महिन्यात किकुए मोरोकुमा ठाण्यात आली. नखं रंगवलेली, ओठ आवळलेले. आल्या आल्या म्हणाली, "माझी बरणी चोरीला गेली. धाकट्या जावेनं नेली."

बरणी म्हणजे लोणच्याची. तांदळाचा कोंडा, मीठ, पाणी, समुद्रातल्या पाल्याचा वाळका तुकडा आणि दोन मिरच्या. रात्री त्यात काकडी-वांगी पुरायची, सकाळी काढून धुवायची आणि भाताबरोबर खायची. कोंडा जिवंत असतो. रोज हात घालून तळापासून ढवळला नाही तर मरतो. मोरोकुमांच्या घरातला कोंडा शंभर वर्षांचा होता आणि सासूच्या हातून सुनेच्या हातात येत गेलेला. म्हातारी एप्रिलमध्ये गेली. सुतक फिटायचा एकोणपन्नासावा दिवस झाला आणि त्याच दुपारी धाकटी सून हात्सुनो ती बरणी म्हातारीच्या ढकलगाडीवर ठेवून घराबाहेर पडली.

आता गंमत ऐका. ही किकुए वीस वर्षं त्या बरणीला नाक मुरडत आलेली, हे अख्ख्या गल्लीला माहीत. वास येतो म्हणून तिनं ती मागच्या अंगणात काढायला लावली होती. पण शंभर वर्षांच्या कोंड्याचं चित्रण करायला टीव्हीवाले येणार असं कळलं, आणि बाईसाहेबांना अचानक परंपरा आठवली. म्हणे, "सासूबाईंनी मरताना ती मलाच दिली. मीच तर रोज ढवळत होते."

तपास काबाशिमाकडे आला. हा आमचा तपास अधिकारी. पन्नाशीचा, पोट सुटलेला, आणि कागदावर स्वतःला फार मोठा लेखक समजणारा. त्यानं आधी हात झटकायचा प्रयत्न केला.

"अहो, घरातल्या घरातलं भांडण. नातलगांमधली चोरी कशाला वाढवताय?"

"मी कायदा विचारून आलेय," किकुए म्हणाली. "कायद्यात जावा-जावा एकमेकींच्या कोणी लागत नाहीत."

काबाशिमानं पुस्तक काढून बघितलं. खरंच लागत नाहीत. मला हसू आवरेना. आमच्या जपानात एवढं खरं कायद्याच्या पुस्तकात दुसरं काही नसेल.

मग सुरू झाली नेहमीची वरात. आमच्याकडे पोलिसी फोटोत बोट लागतंच. जिथून वस्तू गेली तिथे बोट, ज्यावरून नेली त्याच्याकडे बोट, जी नेली तिच्याकडे बोट. हात्सुनो पासष्टीची, काटकुळी, नवरा कधीच गेलेला. ती रिकाम्या अंगणाकडे बोट दाखवून उभी, मग ढकलगाडीकडे बोट दाखवून उभी, मग बरणीकडे.

"काय हो साहेब," ती म्हणाली, "ही बरणी आहे हे बोट दाखवल्याशिवाय कळत नाही का तुम्हाला?"

"नियम आहे, बाई. जरा उजवीकडे सरका, सावली पडतेय."

मग जबाब. जबाब आरोपी देतो, पण लिहितो तपास अधिकारी, आणि लिहितो 'मी' म्हणून. काबाशिमानं अडीच तास खपून लिहिलं आणि खाकरून वाचून दाखवलं, "मी, हात्सुनो मोरोकुमा, सासूच्या निधनानंतर माझ्या मनात लोभाचा उदय होऊन, सदर बरणी आपली व्हावी या इच्छेने मी अंध झाले."

हात्सुनोनं नीट ऐकून घेतलं. "मी अशी बोलते का हो?"

"कागदावर असंच बोलायचं असतं."

"मग अंगठाही कागदाचाच घ्या."

"अहो, मग खरं काय झालं ते सांगा!"

"दहा वेळा सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, हात्सुनो, ही तू घे. मी घेतली."

"कागदावर लिहून दिलं?"

"तोंडी."

"तोंडी!" काबाशिमानं पेन आपटलं. "शंभर वर्षांची वस्तू कोणी तोंडी देतं का?"

अंगठा काही मिळाला नाही. बाईला अटक करायचं कारण नव्हतं, पळून पळून ती जाणार कुठे? घर सोडून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत ती राहिली आणि बरणी पुरावा म्हणून माझ्या खोलीत आली. मुद्देमाल क्रमांक सात. डाव्या बाजूला कवळी, उजव्या बाजूला सुरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हात्सुनो खिडकीशी हजर. "ढवळलं का?"

"काय ढवळलं?"

"कोंडा! अहो, जून महिना आहे. दोन दिवसांत मरेल."

"बाई, मुद्देमालाला हात लावता येत नाही. जप्त केला त्या स्थितीत ठेवायचा, असा नियम आहे."

"न ढवळता त्या स्थितीत राहील का तो?"

ढवळावं तर पुराव्यात फेरफार, न ढवळावं तर पुरावा मेला. हात्सुनो म्हणाली, मी ढवळते. पण आरोपीला पुराव्याला हात लावू देणार कोण? किकुएला फोन केला. ती म्हणाली, तुमची जबाबदारी, तुम्ही बघा.

मोठ्या साहेबांनी दोन तास विचार केला आणि एक नवीन नमुना छापून घेतला. 'जिवंत मुद्देमाल देखभाल नोंद.' तारीख, वेळ, ढवळणाऱ्याच्या नावाचा शिक्का, बघणाऱ्याच्या नावाचा शिक्का. ढवळणारी कोण? माझ्याकडे बघून सगळे एकदम कामाला लागले.

पहिल्या दिवशी मी रबरी हातमोजे घातले. खिडकीतून हात्सुनो ओरडली, "काढा ते! त्याला काय ऑपरेशन करायचंय का? हाताचीच चव लागते त्याला!" मी मोजे काढले. कोंडा गार होता, ओल्या वाळूसारखा, आणि आत खोलवर चक्क कोमट. मी मनात म्हटलं, अगं बाई, हा खरंच जिवंत आहे.

"तळापासून वर आणा," खिडकीतून सूचना. "कडेनं दाबा. आता बरणीच्या कडा पुसा. हाताला चिकटेल ते तुमचं."

मग कळलं की त्याला भाजी लागते, नाहीतर खारट होतो. मोठ्या साहेबांनी काकड्या मंजूर केल्या. मग प्रश्न आला, बाहेर काढलेली काकडी हा मुद्देमाल की कचरा? साहेब पुन्हा दोन तास आत. उत्तर आलं, कचरा. योग्य विल्हेवाट लावावी. आम्ही ती रोज दुपारी जेवताना भाताबरोबर तोंडी लावायला लागलो. ऑगस्टपर्यंत अख्खं ठाणं डब्यात नुसता भात आणत होतं, आणि सगळ्यात आधी ताट पुढे करायचा काबाशिमा.

"अहो, तुमच्या तपासातली आरोपी आहे ती," मी म्हणायची.

"काकडी आरोपी नाही," तो म्हणायचा आणि अजून दोन फोडी घ्यायचा.

हात्सुनो रोज आठला यायची. खिडकीच्या पलीकडून बघायची, वास घ्यायची, कधी म्हणायची, "आज मिठाला कमी आहे," कधी नुसतीच मान हलवायची. मला तिची सवय झाली. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या बरणीची जास्त सवय झाली. एवढी वर्षं मी मेलेल्या वस्तू सांभाळल्या. एक दिवस गेले नाही म्हणून त्यांतल्या एकीचंही काही बिघडलं नव्हतं. आता रविवारीसुद्धा ठाण्यात जावं लागायचं आणि मला राग येत नव्हता.

ऑक्टोबरमध्ये तपास संपला. कागद, फोटो, सगळी बोटं आणि बरणी जिल्ह्याच्या गावी सरकारी वकिलांच्या कचेरीत पाठवायचा हुकूम आला. पाठवायच्या आदल्या दिवशी मी शेवटचं ढवळलं. हाताला चिकटलं ते माझं होतंच. ते मी डब्यात झटकलं. मग इकडे तिकडे बघितलं आणि अजून एक मूठ घेतली.

झालं. हीच ती चोरी. घरी नेऊन त्या मुठींत नवा कोंडा मिसळला आणि रोज ढवळायला लागले. महिन्याभरात लहान बरणी भरली.

सरकारी वकील माणूस वाईट नव्हता. त्यानं हात्सुनोला बोलावून समजावलं, "बाई, खटला भरायचा की नाही ते माझ्या हातात आहे. तुमचं वय बघता मी हे इथेच सोडून देईन. चूक झाली एवढं म्हणा, जावेची माफी मागा."

"आणि बरणी?"

"ती अर्थातच जावेला परत जाईल."

"मग भरा खटला."

"बाई, आमच्याकडे खटला भरला की शंभरातले नव्याण्णव दोषी ठरतात. पासष्टाव्या वर्षी चोर म्हणून शिक्का बसेल."

"बसू दे. जावेच्या हातात ती आठवडाभर जगायची नाही. मला चोर म्हणा, पण तिला कोंडा मारू देऊ नका."

हे मला तिनंच सांगितलं. बरणी गेली तरी ती रोज आठला ठाण्यात येतच होती. सवय. मी चहा द्यायची, ती प्यायची, आणि माझ्या जिभेच्या टोकावर यायचं की माझ्या घरी आहे हो थोडा. पण निवृत्ती मार्चअखेर. मुद्देमालाच्या बाईनं मुद्देमाल चोरला हे बाहेर आलं असतं तर एकतीस वर्षांवर पाणी. मी गप्प बसले. मला माझी लाज वाटायची, पण गप्प बसले.

खटला मार्चच्या पहिल्या आठवड्यात उभा राहिला. एकच न्यायाधीश, एक बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. हात्सुनोला कोर्टानं नेमून दिलेला वकील म्हातारा, सारखा डुलक्या घेतोय असं वाटणारा. पहिली साक्ष माझी. बरणी माझ्याकडे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, रोजची नोंद, दोन-दोन शिक्के. न्यायाधीशबाईंनी तो छापील नमुना उलटसुलट करून बघितला आणि ओठ दाबून धरले. मी मागे जाऊन प्रेक्षकांत बसले.

मग किकुए. काळा किमोनो, हातात रुमाल. "वीस वर्षं मी पहाटे उठून ढवळलं. सासूबाईंनी शेवटी माझा हात धरला, म्हणाल्या, किकुए, आता तूच."

डुलक्या घेणाऱ्या वकिलानं डोळे उघडले. "वीस वर्षं म्हणजे चव ओळखत असाल."

"डोळे मिटून."

"मग एवढं करा. हीच तुमची बरणी ना, कोर्टाला सांगा."

सरकारी वकिलानं हरकत घेतली नाही. त्याला वाटलं, आपलंच काम होतंय. सरकारी वकिलांच्या कचेरीतला शिरामिझू नावाचा कारकून, चाळिशी उलटलेला, बरणी घेऊन पुढे आला. तो कोणाकडेच बघत नव्हता. झाकण उघडलं. किकुएनं नखाच्या टोकावर जेमतेम कणभर घेतलं, जिभेला लावलं आणि डोळे टिपले.

"हीच. शंभर बरण्यांतून ओळखेन. सासूबाईंची चव."

माझ्यापर्यंत वास आला. त्यात मोहरीचा वास होता. दुकानात पिशवीतून मिळतो त्या तयार कोंड्याचा.

वकील वळला. "हात्सुनोबाई, तुम्हीही बघा."

ती पुढे आली. तिनं बोट नाही, हात मनगटापर्यंत आत घातला. तळापर्यंत चाचपलं. मग हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

सरकारी वकील उठलाच. "म्हणजे तुम्ही मान्य करता की बरणी जावेची आहे?"

"हिचीही नाही. ती मेली." आणि ती तिथेच जमिनीवर बसली. आठ महिने त्या बाईच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं. आता ती बाही नाही, रुमाल नाही, कोंड्यानं भरलेल्या हातातच तोंड खुपसून रडायला लागली.

मी कधी उभी राहिले मला आठवत नाही. "मेली नाही! साहेब, माझ्याकडे आहे!"

"खाली बसा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "नाहीतर बाहेर काढावं लागेल."

पण तेवढ्यात शिरामिझू पुढे आला. त्यानं सगळं ओकून टाकलं. नव्या वर्षाची सहा दिवसांची सुट्टी. कोणीतरी सांगितलं उबेत ठेवा, म्हणून यानं बरणी बंबाच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. परत आला तर वर काळं, खाली गुलाबी, आणि वास असा की खोलीत पाऊल ठेववेना. पाचावर धारण बसली. बरणी घासली, दुकानातून दोन पिशव्या आणल्या, ओतल्या आणि रोज इमानदारीनं ढवळल्या. "नोंद आहे माझ्याकडे," तो रडत म्हणाला, "एक दिवस चुकवला नाही."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. किकुएकडे बघितलं. किकुए रुमालात तोंड लपवत होती, आणि यावेळी खरंच गरज होती म्हणून.

मला पुन्हा साक्षीला उभं केलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "ज्या उत्तरानं तुमच्यावरच खटला होऊ शकेल ते द्यायची सक्ती नाही. समजलं?"

"समजलं. गप्प बसून बघितलं, साहेब. पचलं नाही."

"किती घेतलं होतं?"

"दोन मुठी. पहिली हाताला चिकटली होती. दुसरी मी घेतली."

कोर्टात कोणीतरी फिस्कन हसलं. तो म्हातारा वकील होता.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात काबाशिमा कॅमेरा घेऊन हजर. मी माझ्याच लहान बरणीकडे बोट दाखवून उभी. "जरा उजवीकडे," तो म्हणाला आणि त्याला माझ्याकडे बघवेना. बरणी पुन्हा मुद्देमाल झाली. मी संशयित, म्हणजे मला हात लावता येईना. हात्सुनोचा निकाल बाकी, तिलाही येईना. मग ढवळणार कोण? दोन आठवडे रोज सकाळी काबाशिमा बाह्या वर करून ढवळत होता, आणि खिडकीतून आम्ही दोघी ओरडत होतो.

"तळापासून, साहेब!"

"कडा पुसा! हो, त्याच कडा!"

निकाल लागला. हात्सुनो निर्दोष. न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं की जी फिर्यादी दुकानातला कोंडा सासूबाईंचा म्हणून ओळखते, तिनं वीस वर्षं ढवळलं आणि बरणी तिलाच मिळाली, यावर विश्वास ठेवता येत नाही. किकुएनं त्यानंतर महिनाभर गल्लीत तोंड दाखवलं नाही. टीव्हीवाले आलेच नाहीत.

उरले मी. निवृत्तीला सहा दिवस होते. काबाशिमानं हात्सुनोला ठाण्यात बोलावलं. माझी बरणी टेबलावर ठेवली, मला समोर बसवलं आणि कागद पुढे ओढला.

हात्सुनोनं आधी बरणीत हात घातला. डोळे मिटले.

"थोडी खारट झालीय," ती म्हणाली. "हात जड आहे तुमचा. पण तीच आहे." मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला डोळ्यांतलं पाणी आवरेना.

काबाशिमा खाकरला. "हात्सुनोबाई, हे तुमच्या मालकीचं. त्सुरुमारूबाईंनी ते ठाण्यातून परस्पर नेलं, असं त्यांनी कोर्टात कबूल केलंय. तुमची चोरीची तक्रार आहे का?"

"चोरी कसली? मी दिली होती त्यांना."

काबाशिमाचं पेन थांबलं. "कधी?"

"जूनमध्ये. इथेच खिडकीशी. म्हटलं होतं, हाताला चिकटेल ते तुमचं."

"अहो, पण दुसरी मूठ..."

"तीही चिकटलीच असेल."

"कागदावर दिलं होतं?"

"तोंडी."

काबाशिमानं तिच्याकडे बघितलं, मग बरणीकडे, मग स्वतःच्या नखांकडे. दोन आठवड्यांचा कोंडा त्यांत अडकलेला होता. मग त्यानं लिहायला घेतलं. यावेळी अडीच तास लागले नाहीत. एका ओळीत संपवलं आणि न खाकरता वाचून दाखवलं, "ही बरणी आमच्याकडे नेहमी तोंडीच दिली जाते. मी थोडी त्सुरुमारूबाईंना दिली."

"हं," हात्सुनो म्हणाली, "अशी बोलते मी."

तिनं बरणीतला हात बाहेर काढला, पुसला नाही, आणि कागदावर अंगठा दाबला.